को-वर्किंगमध्ये जागा घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं पुणे, मुंबई, ठाणे, नवी मुंबई इथे को-वर्किंगमध्ये जागा शोधणाऱ्या छोट्या कंपन्या, फ्रीलान्सर आणि सीए-वकिलांसाठी आहेत. जिल्ह्याच्या गावी असं केंद्र काढू पाहणाऱ्यांनाही ती उपयोगी पडतील. हिशोबातले दर उदाहरणादाखल धरले आहेत. तुमच्या भागातला दर घालून तोच हिशोब करून पाहा.

हॉट डेस्क, केबिन, मॅनेज्ड ऑफिस, व्हर्च्युअल ऑफिस यांत फरक काय?

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना मूळ कल्पना सांगावी लागत नाही. खुर्ची-टेबल महिन्याच्या भाड्यानं घ्यायचं. लाईट, पंखा, पाणी, झाडलोट मालकाची.

हॉट डेस्क म्हणजे रोज मोकळी असेल त्या खुर्चीवर बसायचं. डेडिकेटेड डेस्क म्हणजे ठरलेलं टेबल, साधारण चार फूट बाय दोन फूट, आणि खाली कुलपाचा कप्पा. केबिन म्हणजे दोन ते वीस-पंचवीस माणसांची बंद खोली. मॅनेज्ड ऑफिसमध्ये ऑपरेटर, म्हणजे केंद्र चालवणारी कंपनी, तुमच्यासाठी अख्खा मजला किंवा त्याचा भाग तुमच्या मागणीप्रमाणे उभा करतो आणि चालवतो. करार तीन ते पाच वर्षांचा असतो. व्हर्च्युअल ऑफिसमध्ये खुर्ची मिळत नाही. मिळतो तो पत्ता, टपाल घेणारा माणूस आणि नोंदणीसाठी लागणारी कागदपत्रं.

या सगळ्यांना सरसकट 'को-वर्किंग' म्हटलं जातं. पण प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं, करार वेगळा आणि पुढचं भवितव्यही वेगळं.

वीवर्क दिवाळखोरीत गेलं. मग हा धंदाच संपत आला नाही का?

नाही. पण ते का घडलं हे समजून घेतल्याशिवाय कुठल्याही ऑपरेटरला डिपॉझिट देऊ नका.

वीवर्क ही को-वर्किंग कंपनी २०१० मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीचं मूल्य ४७ अब्ज डॉलर धरलं गेलं, आणि त्याच वर्षी शेअरविक्रीचा बेत गुंडाळावा लागला. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीनं अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जून २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर आली. भारतातलं वीवर्क हे एम्बसी समूहाच्या ताब्यातली स्वतंत्र कंपनी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती इथल्या शेअर बाजारात आली. त्याआधी मे २०२४ मध्ये 'ऑफिस' (Awfis) आणि जुलै २०२५ मध्ये स्मार्टवर्क्स व इंडीक्यूब हे ऑपरेटर बाजारात आले होते.

दुखणं या धंद्याच्या रचनेतच आहे. ऑपरेटर जागामालकाकडून पाच-नऊ वर्षांसाठी जागा घेतो आणि तुम्हाला ती महिन्या-महिन्यानं देतो. त्याचं देणं लांबचं आणि पक्कं, तर येणं जवळचं आणि कच्चं. आकडे घालून बघू.

समजा १०,००० चौरस फूट जागा आहे, भाडं फुटाला ७० रुपये. महिन्याचं भाडं ७ लाख, इमारतीचा देखभाल खर्च फुटाला १२ रुपयांनी १ लाख २० हजार. आतलं बांधकाम, फर्निचर, एसी, वायरिंग फुटाला १,५०० रुपयांनी दीड कोटी. ते पाच वर्षांवर पसरलं तर महिन्याला अडीच लाख. वीज, इंटरनेट, माणसं, साफसफाई, चहा-पाणी मिळून ३ लाख. एकूण १३ लाख ७० हजार. या जागेत १५० खुर्च्या बसतात. एका खुर्चीचे १२,००० मिळत असतील तर नुसता खर्च निघायलाच ११५ खुर्च्या भरलेल्या हव्यात, म्हणजे जवळजवळ ७७ टक्के. ९० खुर्च्यांवर माणसं असतील तर महिन्याला २ लाख ९० हजारांचा खड्डा पडतो, आणि खोलीत शिरणाऱ्याला मात्र जागा चांगली गजबजलेली दिसते.

म्हणून वर्दळ पाहून ऑपरेटरच्या तब्येतीचा अंदाज बांधू नका.

मग ऑपरेटर टिकेल की नाही, हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार?

पूर्ण कळणार नाही, पण चार गोष्टी विचारता येतात आणि चांगला ऑपरेटर त्यांची उत्तरं देतो.

पहिली: जागामालकाबरोबरचा मूळ करार कधी संपतो? तुमचं लॉक-इन (जागा सोडता येत नाही तो ठरलेला काळ) त्याच्या पुढे जात असेल तर थांबा. दुसरी: मूळ करारात त्रयस्थांना जागा द्यायची लेखी परवानगी आहे का? ती नसेल तर तुमचं तिथे बसणंच मालकाच्या मर्जीवर आहे. तिसरी: भाडं ठरलेलं आहे की उत्पन्नाच्या वाट्यावर? मालक वाट्यावर तयार झाला असेल तर मंदीत ऑपरेटरची मान लगेच आवळली जात नाही. आम्हाला ही व्यवस्था जास्त भरवशाची वाटते. चौथी: जागा बँकेकडे गहाण आहे का?

कागदांपलीकडची लक्षणं लहानसहान असतात. एसीची सर्व्हिसिंग लांबलेली, कॉफी मशिनवर महिनाभर 'दुरुस्ती चालू आहे' चिकटवलेलं, दोनपैकी एक इंटरनेट लाइन गुपचूप बंद केलेली, रिसेप्शनवरचा माणूस दर दोन महिन्यांनी नवा. आणि सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे 'वर्षाचे पैसे एकदम भरा, तीस टक्के सूट देतो' अशी अचानक आलेली ऑफर. पैशाची निकड असल्याशिवाय कोणी एवढी सूट देत नाही. दोन-तीन महिन्यांपलीकडचं आगाऊ भाडं देऊ नका.

पुढच्या काही वर्षांत नेमकं काय बदलेल?

एकट्या फ्रीलान्सरच्या हॉट डेस्कवर हा धंदा उभा राहणार नाही, हे आता पुरेसं स्पष्ट आहे. मोठ्या शहरांतल्या खुर्च्यांचा मोठा भाग कंपन्या घेतात: आयटी, वित्तसेवा आणि परदेशी कंपन्यांची इथली केंद्रं. त्यांना भांडवल न अडकवता, ठरलेल्या तारखेला तयार जागा हवी असते. त्यामुळे मॅनेज्ड ऑफिस वाढत राहील आणि त्याच इमारतीतला खुला हॉल आक्रसत जाईल. 'कम्युनिटी', 'नेटवर्किंग' हे शब्द जाहिरातीत राहतील, पण जागा मिळेल ती केबिन.

दुसरा बदल जागेच्या निवडीत होतोय. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यायचं असेल तर माणूस प्रवासाचा हिशोब नव्यानं करतो. पुणे मेट्रोचे दोन्ही मार्ग, पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी, सुरू झाल्यापासून स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर असणं हा भाड्याच्या दरातला मुद्दा झाला आहे. मुंबईत ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. बीकेसी, वरळी आणि दक्षिण मुंबईतल्या जागांना तोच नियम लागू होईल. दुसरीकडे डोंबिवली, कल्याण, वसई, पनवेल अशा, जिथे माणसं राहतात त्या ठिकाणी छोटी केंद्रं चालण्याजोगी आहेत. तिथला ग्राहक खुर्चीपेक्षा लोकलमधले तीन तास वाचवण्यासाठी पैसे देतो.

तिसरा बदल: जागामालक स्वतः यात उतरतील. ज्याच्याकडे रिकामा मजला आहे तो ऑपरेटरला नुसतं चालवण्याचं शुल्क देईल आणि खुर्च्यांचं उत्पन्न स्वतः घेईल, हॉटेलांमध्ये चालतं तसं.

बारा जणांची टीम आहे. स्वतःचं ऑफिस स्वस्त पडेल की को-वर्किंग?

वरचेच दर धरू. बारा जणांना १,००० चौरस फूट पुरतं. भाडं ७०,०००, देखभाल १२,०००, वीज १८,०००, साफसफाईचा माणूस १३,०००, दोन इंटरनेट लाइन १०,०००, चहा-पाणी आणि किरकोळ ८,०००. झाले १ लाख ३१ हजार. फर्निचर-वायरिंगचे १५ लाख तीन वर्षांवर पसरा: महिन्याला सुमारे ४१,७००. एकूण १ लाख ७३ हजारांच्या आसपास. पाच वर्षं तिथेच राहिलात तर हा आकडा १ लाख ५६ हजारांवर येतो. शिवाय सहा महिन्यांच्या डिपॉझिटचे ४ लाख २० हजार अडकतात. को-वर्किंगला १२ गुणिले १२,००० म्हणजे १ लाख ४४ हजार आणि डिपॉझिट साधारण दोन-तीन महिन्यांचं. जीएसटी को-वर्किंगवर १८ टक्के लागतोच. व्यापारी भाड्यावरही तोच दर आहे.

बारा जणांना को-वर्किंग बरं. हाच हिशोब तीस जणांचा केला तर पाच वर्षांसाठी दोन्ही आकडे साडेतीन लाखांच्या आसपास जवळजवळ भिडतात. त्यापुढे स्वतःचं ऑफिस स्वस्त पडायला लागतं, पण पाच वर्षांनी तीसच माणसं असतील याची खात्री असेल तरच. सहा महिन्यांत पंधरा व्हायची किंवा पन्नास व्हायची शक्यता असेल तर महाग खुर्चीच परवडते.

जाहिरातीतल्या दरात काय येत नाही, तेही या बेरजेत धरा: मीटिंग रूमचे ठरलेले तास संपल्यावरचं शुल्क, पार्किंग, ठरलेल्या कागदांवरची प्रिंट, आणि संध्याकाळी सात-आठनंतर व रविवारी एसी चालू ठेवण्याचा तासाचा दर. रात्री अमेरिकेच्या वेळेत काम करणाऱ्या टीमचं बिल या शेवटच्या ओळीमुळेच फुगतं.

जागा पाहायला कधी आणि कशी जावी?

मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारी, सकाळी साडेअकराला. शनिवारी दुपारी दाखवलेली जागा म्हणजे रिकामं मंगल कार्यालय. तिथे काहीच कळत नाही.

एक दिवसाचा पास घेऊन बसाच. चार-पाचशे रुपये जास्त जातील, पण अर्ध्या तासाच्या फेरीत जे दिसत नाही ते आठ तासांत दिसतं. जेवणाच्या वेळी मायक्रोवेव्हपुढे किती रांग आहे, चार वाजता पश्चिमेच्या काचेतून ऊन पडद्यावर येतं का, किती माणसांमागे किती स्वच्छतागृहं आहेत आणि दुपारी तीनला त्यांची अवस्था काय असते, लिफ्टला किती वेळ लागतो.

केबिनचा आवाज असा तपासा: एकाला आत बसवून नेहमीच्या आवाजात फोनवर बोलायला सांगा, दार लावा आणि शेजारच्या केबिनमध्ये जाऊन उभे राहा. शब्द न् शब्द कळत असेल तर छताकडे बघा. बहुतेक वेळा जिप्समचं पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशीच थांबवलेलं असतं, वरच्या स्लॅबपर्यंत नेलेलंच नसतं. आवाज भिंतीतून येत नाही. फॉल्स सीलिंगच्या टाइलमधून वर जातो आणि पलीकडे उतरतो. अशा केबिनला कितीही जाड दार लावलं तरी उपयोग नाही. करार करण्याआधी भिंत स्लॅबपर्यंत चढवून मागा किंवा दुसरी केबिन घ्या.

दुपारी केबिनमध्ये सगळे पेंगतात. जेवणामुळे का?

जेवणही असेल, पण आधी हवा तपासा. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो. बाहेरची ताजी हवा आणत नाही. सहा माणसं बंद काचेच्या केबिनमध्ये दोन तास बसली की श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठत जातो. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत ४२० च्या आसपास असतो. १,००० च्या वर गेला की जडपणा जाणवायला लागतो. फोन बूथमध्ये तर वीस मिनिटांतच कोंदट होतं. छोटा मीटर काही हजारांत मिळतो. पाहणीच्या दिवशी बरोबर न्या. 'केबिनमध्ये ताजी हवा कुठून येते?' या प्रश्नावर ऑपरेटरनं एसीकडे बोट दाखवलं तर ताजी हवा येत नाही, असं समजा.

इंटरनेटचं काय तपासायचं?

'३०० एमबीपीएस' हा आकडा बाजूला ठेवा. तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत.

एक, लाइन दोन कंपन्यांच्या आहेत का, आणि त्यांच्या तारा इमारतीत दोन वेगळ्या वाटांनी येतात का? दोन कंपन्यांच्या तारा एकाच पाइपातून येत असतील तर पावसाळ्याआधी रस्ता खोदला की दोन्ही एकदम तुटतात. गच्चीवर किंवा डक्टमध्ये जाऊन बघायला मागा.

दोन, अपलोड किती? व्हिडिओ कॉलला चांगल्या प्रतीसाठी दोन्ही दिशांना ३ ते ४ एमबीपीएस लागतात. पन्नास माणसांतली वीस एका वेळी कॉलवर असतील तर ८० एमबीपीएस अपलोड त्यांनाच हवा. लीज्ड लाइनमध्ये (राखीव लाइनमध्ये) तो हमखास मिळतो. साध्या ब्रॉडबँडमध्ये इमारतीतले बाकीचे लोक काय करताहेत त्यावर अवलंबून.

तीन, गर्दीच्या वेळी पिंग (सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ) किती उडतो? लॅपटॉपवर दहा मिनिटं पिंग चालू ठेवा. २०-३० मिलिसेकंदांवर स्थिर असेल तर उत्तम. मधूनच ४००-५०० वर जात असेल तर स्पीड टेस्ट कितीही सुंदर आली तरी कॉलवर आवाज तुटणारच. याचं कारण अनेकदा बाहेरच्या लाइनमध्ये नसून वायफायमध्ये असतं: १५० माणसांचे मोबाइल धरून तीनशे उपकरणं, आणि छतावर अॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारी पेटी) चार. तीस-चाळीस उपकरणांमागे एक हवा. केबिन घेत असाल तर टेबलाशी लॅनची तार मागून घ्या.

परदेशी क्लायंट सुरक्षेची प्रश्नावली पाठवतो. को-वर्किंगमध्ये बसून ती भरता येते का?

येते, पण खुल्या हॉलमधून नाही. केबिनसाठी स्वतंत्र व्हीलॅन (बाकीच्यांपासून वेगळं ठेवलेलं नेटवर्क), स्वतःचा स्थिर आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता), दाराला कार्डची नोंद, कॅमेऱ्याचं चित्रण किती दिवस ठेवतात आणि ते कोण पाहू शकतं, हे सगळं करारात लिहून घ्या. आपल्या केबिनच्या आत ऑपरेटरचा कॅमेरा नको. साफसफाई तुमचा माणूस हजर असतानाच व्हावी. सामाईक प्रिंटरवर कागद पाठवला की तो प्रिंटरच्या आत साठून राहू शकतो, म्हणून गोपनीय कागदांसाठी छोटा प्रिंटर केबिनमध्ये ठेवा.

वीज गेली तर?

'पूर्ण बॅकअप आहे' हे उत्तर अपुरं आहे. जनरेटरवर एसी चालतो की फक्त दिवे आणि प्लग पॉइंट? वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या दहा-पंधरा सेकंदांत राउटर यूपीएसवर आहे का? नसेल तर राउटर पुन्हा सुरू व्हायला तीन-चार मिनिटं जातात आणि तेवढ्यात सगळे कॉल तुटतात. पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची जुनी पद्धत आहे. पाहणी गुरुवारी केलीत तर कधी कधी आपोआपच परीक्षा होते.

को-वर्किंगचा करार नोंदवावा लागतो का?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी जागामालकावर आहे. बरेच ऑपरेटर मात्र 'सदस्यत्व' किंवा 'सेवा' करार करतात आणि तो नोंदवत नाहीत. एकट्या डेस्कसाठी हे चालून जातं. ठरलेली केबिन वर्षभरासाठी घेत असाल आणि त्या पत्त्यावर नोंदण्या करायच्या असतील तर नोंदणीकृत करार मागा. लीव्ह अँड लायसन्सवरची स्टॅम्प ड्यूटी एकूण भाड्याच्या पाव टक्का असते (डिपॉझिटवर धरलेलं १० टक्के व्याज त्यात मिळवून), म्हणजे खर्च फार नाही.

करारात हे शोधा: लॉक-इन दोघांना लागू आहे की फक्त तुम्हाला, ऑपरेटर तुम्हाला 'समकक्ष' दुसऱ्या केबिनमध्ये हलवू शकतो का, आणि समकक्ष कोण ठरवणार, वार्षिक वाढ किती (पाच ते आठ टक्के नेहमीची), डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि उशीर झाला तर व्याज काय, रंगरंगोटीच्या नावाखाली ठरावीक रक्कम कापणार का. आणि एक कलम स्वतःहून घालून घ्या: ऑपरेटरचा मूळ करार कोणत्याही कारणानं संपला तर तुमचं लॉक-इन त्याच दिवशी संपेल आणि सामान बाहेर काढायला किमान पंधरा दिवस मिळतील. मालकानं कुलूप लावल्यावर आत अडकलेले लॅपटॉप आणि फायली सोडवणं फार कटकटीचं असतं.

व्हर्च्युअल ऑफिसच्या पत्त्यावर जीएसटी नोंदणी मिळते का?

मिळते. फेटाळली जाते तेव्हा कारण बहुतेक वेळा पत्त्याच्या तपशिलात असतं.

साधारण तीन कागद लागतात: तुमच्या नावाचा करार, ऑपरेटरचं ना हरकत पत्र, आणि जागेचं लाईट बिल किंवा मालमत्ता कराची पावती. लाईट बिल मूळ मालकाच्या नावावर असतं आणि ना हरकत पत्र ऑपरेटर देतो, म्हणून या दोघांना जोडणारा दुवा, म्हणजे मालक आणि ऑपरेटर यांच्यातल्या कराराची प्रत, हातात हवी. ती नसली की अधिकाऱ्याला शंका येते आणि ती योग्यच असते. पत्ता करारात, पत्रात आणि अर्जात अक्षरशः एकसारखा लिहा. एकीकडे 'दुसरा मजला' आणि दुसरीकडे 'युनिट २०४' असं नको. एकाच पत्त्यावर शंभर नोंदण्या असतात, म्हणून तुमचा केबिन किंवा डेस्क क्रमांक पत्त्यात आलाच पाहिजे.

प्रत्यक्ष पाहणीला अधिकारी आला आणि रिसेप्शनवरचा मुलगा 'असं कोणी इथे नाही' म्हणाला, की अर्ज तिथेच संपतो. नावाची पाटी, नोंदणीनंतर जीएसटी क्रमांकासह, दर्शनी भागात लावून घ्या आणि रिसेप्शनकडे तुमची कागदपत्रं व फोन नंबर ठेवा.

कंपनी बेंगळुरूची, पुण्यात पाच खुर्च्या घेतल्या. जीएसटीचं क्रेडिट मिळेल ना?

इथे पुष्कळ जण फसतात. स्थावर मालमत्तेशी निगडित सेवेचं ठिकाण म्हणजे मालमत्ता जिथे आहे ते राज्य. म्हणून ऑपरेटर बिलात महाराष्ट्राचा सीजीएसटी आणि एसजीएसटी लावतो, आणि कर्नाटकच्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट घेता येत नाही, म्हणजे तो तुमच्या भरायच्या करातून वजा होत नाही. १८ टक्के सरळ खर्चात जातात. महाराष्ट्रात नोंदणी घ्यायची की तो खर्च सोसायचा, हे सीएबरोबर बसून आधीच ठरवा.

टीडीएस कापायचा का?

भाडं म्हणून दिलेली रक्कम महिन्याला ५०,००० च्या वर असेल तर कंपनीनं १० टक्के कापायचा असतो. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची आहे. काही ऑपरेटर 'ही सेवा आहे, दोन टक्केच कापा' म्हणतात. ठरलेली केबिन ठरलेल्या काळासाठी घेतली असेल तर ते भाड्याच्या फार जवळ जातं. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच.

दारावर मराठी पाटी लागते का?

हो. कंपनी कायद्याचं कलम १२ सांगतं की नोंदणीकृत कार्यालयाबाहेरचं नाव तिथल्या प्रचलित भाषेच्या लिपीतही हवं. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातही मराठी, देवनागरीतली पाटी सक्तीची आहे. ऑपरेटर एका फलकावर वीस नावं इंग्रजीत लावतात. तुमच्या नावाची मराठी पट्टी मागून घ्या.

लैंगिक छळाची तक्रार ऑपरेटरकडे करायची की कंपनीकडे?

तुमच्या कंपनीत दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती तुमचीच असली पाहिजे. ऑपरेटरची समिती तिच्या जागी चालत नाही. दहापेक्षा कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. त्रास देणारा शेजारच्या कंपनीचा असेल तरी तुमच्या कंपनीनं तक्रार करायला मदत करायची असते. आपल्या टीमला ही नावं आणि नंबर पहिल्याच दिवशी द्या. रात्री साडेनऊनंतर महिला काम करत असतील तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरी सोडण्याची व्यवस्था ही जबाबदारी मालक म्हणून तुमची आहे, इमारतीच्या वॉचमनची नाही.

आगीचं काय पाहायचं?

महाराष्ट्रात अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावं लागतं. ताजं दाखवायला सांगा. मग जिन्याच्या दाराशी जा आणि ते उघडून बघा. मागच्या जिन्यात मोडक्या खुर्च्या आणि पाण्याचे जार रचलेले असतील तर ती जागा घेऊ नका, भाडं कितीही कमी असो.

जिल्ह्याच्या गावी पंचवीस खुर्च्यांचं केंद्र काढलं तर चालेल का?

सातारा, सांगली, जळगाव, रत्नागिरी अशा गावांत पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशी कंपन्यांची कामं घरून करणारी मुलं-मुली आता पुष्कळ आहेत. मागणी खरी आहे, पण दर कमी मिळतो. समजा १,२०० चौरस फूट, भाडं २५,०००, वीज १५,०००, दोन इंटरनेट लाइन ६,०००, एक माणूस १२,०००. खर्च ५८,०००. खुर्चीला ३,५०० घेतले आणि अठरा भरल्या तर ६३,००० येतात. हातात पाच हजार, आणि फर्निचरचे पैसे अजून निघालेच नाहीत.

म्हणून एकच खुर्ची दोन पाळ्यांत द्या: सकाळी आठ ते पाच इथल्या कंपन्यांची माणसं, संध्याकाळी पाच ते एक अमेरिकेच्या वेळेतली. कप्पे प्रत्येकाला वेगळे. मीटिंग रूम तासावर ऑनलाइन मुलाखतींसाठी द्या. घरी शांत खोली नसलेले उमेदवार त्यासाठी आनंदानं पैसे देतात. अभ्यासिका आणि को-वर्किंग एकाच हॉलमध्ये मात्र करू नका. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना टाचणी पडलेली ऐकू यावी इतकी शांतता हवी असते आणि नोकरीवाले दिवसभर बोलत असतात. महिन्याभरात दोघंही सोडून जातात. दोन्ही चालवायचं असेल तर मध्ये पक्की भिंत आणि वेगळं दार.

विजेचा हिशोब आधी करा. पंचवीस लॅपटॉप, दिवे, पंखे, राउटर मिळून सुमारे दोन किलोवॅट. चार तासांच्या बॅकअपला आठ युनिट लागतात. १५० एएचची एक ट्युब्युलर बॅटरी कागदावर १.८ युनिटची, पण खोलवर न उतरवता आणि इन्व्हर्टरची घट धरून प्रत्यक्षात एक युनिटभरच देते. म्हणजे आठ बॅटऱ्या आणि पाच केव्हीएचा इन्व्हर्टर. एसी यावर चालणार नाही. त्याला १,२०० फुटांसाठी आठ-दहा टन, म्हणजे आणखी जवळजवळ दहा किलोवॅट लागतात. मंजूर भार वाढवून थ्री-फेज व्यावसायिक मीटर आधी घ्या, मगच फर्निचरवाल्याला बोलवा. आणि भोगवटा प्रमाणपत्रात जागेचा वापर निवासी आहे की व्यापारी, हे टोकन देण्याआधी वाचा.

जागा सोडताना काय राहून जातं?

नोटीस ईमेलवर द्या आणि पोच घ्या. ताब्यात घेताना काढलेले खुर्च्या-टेबलं-भिंतींचे फोटो आता कामी येतात. रंगाच्या कपातीवरचा वाद त्यांच्यावरच मिटतो. प्रवेशाची कार्डं परत केल्याची सही घ्या.

आणि पत्ते बदला. जीएसटीतला मुख्य पत्ता बदलल्यावर पंधरा दिवसांत दुरुस्ती अर्ज भरायचा असतो. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय हललं तर तीस दिवसांत कंपनी निबंधकांना आयएनसी-२२ या फॉर्ममधून कळवायचं. बँक, आयात-निर्यात कोड, दुकाने व आस्थापना यांचीही यादी करा. जुन्या ऑपरेटरशी निदान सहा महिने टपाल स्वीकारण्याचा करार चालू ठेवा, महिन्याला पाचशे-हजार लागले तरी. कारण पत्ता बदलण्याआधी निघालेली नोटीस जुन्याच पत्त्यावर येते, आणि उत्तराची मुदत तुम्ही ती वाचण्याची वाट पाहत नाही.